उसण भरली नव्हती

दादाची किडनी बदलून आठवा महिना लागला होता. सकाळी डेअरीच्या गाडीची वेळ झालेली, गडी आलेला नाही, म्हणून त्याने अर्धी भरलेली दुधाची कॅन उचलून ओट्यावर ठेवली. वीस लिटर असेल नसेल. ठेवताना पाठीत कट्‌ झालं. तो तिथेच ओट्याला धरून उभा राहिला आणि आई म्हणाली, ‘‘उसण भरली.’’

आमच्या शिरूर-दौंडच्या पट्ट्यात उसण भरली की पुढचं सगळं ठरलेलं असतं. तेल कोमट करून चोळायचं, वीट तापवून शेकायचं, आणि तेवढ्याने भागलं नाही तर पायाळू माणूस बघायचा. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. अशा माणसाने कमरेला पाय लावला की उसण उतरते म्हणतात. आमच्या वाडीवरच्या एक काकू पायाळू आहेत. त्या भल्या पहाटे आल्या, दादाला पालथं झोपवलं आणि कमरेवर तीनदा टाच दाबली. तिसऱ्या वेळी दादा ओरडला. आठवड्याने पुण्यात एक्स-रे काढला तेव्हा दोन मणके चेपलेले निघाले. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून दाखवली. बाकीचे मणके विटेसारखे चौकोनी आणि हे दोन पुढच्या अंगाने पाचरीसारखे. त्यातला कुठला कॅनने चेपला आणि कुठला टाचेने, हे आता कोणीच सांगू शकत नाही. काकूंना आम्ही ते कळू दिलेलं नाही.

अवयव बदललेल्यांच्या हाडांवरच्या या पुस्तिकेची प्रस्तावना माझ्याकडे आली ती एवढ्याच अधिकारावर. मी डॉक्टर नाही. पुढची प्रकरणं ज्यांनी लिहिली आहेत त्यांना औषधांचं जे कळतं ते मला कळत नाही. मला कळतं ते घर. अवयव बदलून आलेला माणूस ज्या घरात परत येतो, तिथे त्याच्या भोवती कोण काय बोलतं, मेडिकलमधून काय आणतं आणि कशाकडे कोणाचंच लक्ष नसतं, ते मी दोन वर्षं जवळून बघितलं आहे.

आठ महिने आम्ही बघत होतो ते किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन. एक पूर्णांक एक, एक पूर्णांक दोन, मध्येच एक पूर्णांक चार झालं तर घरात जेवण नाही. पारावर बसणाऱ्यांनाही दादाचं क्रिएटिनिन पाठ होतं. त्याखालोखाल, शरीराने किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमसची रक्तातली ‘लेव्हल’, मग साखर, मग बीपी. हाडांचा रकाना फाईलमध्ये नव्हता आणि तो नाही हे आमच्या ध्यानातही आलं नाही. किडनी वहिनीने दिलेली. तिच्या कुशीवरचा व्रण रोज डोळ्यांसमोर. त्यामुळे जपायचं ते किडनीला, हे घराने ठरवून टाकलं होतं. बाकीचं शरीर जणू त्या किडनीचं नुसतं गाठोडं होतं.

हाडाबद्दलची आपली कल्पनाच मुळात चुकते. हाड म्हणजे वासा, एकदा बसवला की बसवला, असं आपण धरतो. प्रत्यक्षात ते सारखं मोडत आणि बांधलं जात असतं. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी नवा होतो. काही पेशी जुनं हाड खरवडतात, काही नवं भरतात. शरीरातलं नव्याण्णव टक्के कॅल्शियम या हाडांत असतं आणि रक्ताला कमी पडलं की तिथूनच उचललं जातं. खरवडणं आणि भरणं यांचा मेळ आहे तोवर ठीक. रोपणानंतर घ्यावं लागणारं स्टिरॉइड हा मेळ मोडतं. भरणाऱ्या पेशी कमी तयार होतात, असतात त्या लवकर मरतात, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, लघवीतून जास्त जातं, आणि मांड्यांचे स्नायू ओसरतात म्हणून माणूस पडतोही लवकर. मार आधी बसतो तो मणक्यांवर आणि बरगड्यांवर, कारण तिथलं हाड आतून स्पंजासारखं जाळीदार असतं.

हे कळायला वैद्यकालाही वेळ लागला, पण त्यात कोणाचा दोष काढण्यासारखं फार नाही. बोस्टनमध्ये २३ डिसेंबर १९५४ रोजी पहिलं यशस्वी मूत्रपिंडरोपण झालं ते जुळ्या भावांमध्ये. शरीराला परकेपणा वाटलाच नाही, म्हणून ते गोळ्यांशिवाय निभावलं. बाकीच्यांना साठच्या दशकापासून अझाथायोप्रिन आणि स्टिरॉइड यांच्या जोडीचा आधार मिळाला. मुंबईच्या केईएममध्ये फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय बदललं, तो रुग्ण काही तासच जगला. वेल्लोरला १९७१ मध्ये मूत्रपिंडरोपण यशस्वी झालं. पुढे नॉर्वेतल्या मातीच्या बुरशीतून सायक्लोस्पोरिन आलं आणि १९८४ मध्ये जपानच्या त्सुकुबातल्या मातीतल्या जिवाणूपासून टॅक्रोलिमस सापडलं. (दादा सकाळ-संध्याकाळ ती कॅप्सूल घेतो आणि म्हणतो, शेवटी मातीनंच धरून ठेवलंय.) माणसं तासांऐवजी वर्षं जगू लागली, तेव्हा कुठे हाडांची गोष्ट निघाली. १९९१ मध्ये छापून आलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात मूत्रपिंडरोपण झालेल्या वीस जणांची हाडं मोजली, तर सहा महिन्यांत कण्याच्या हाडाची घनता सरासरी ६.८ टक्क्यांनी उतरलेली निघाली आणि दीड वर्षात ८.८ टक्क्यांनी. पाळी गेल्यावर बाईच्या कण्याचं हाड पहिल्या काही वर्षांत दर वर्षी साधारण दोन टक्के झिजतं. त्याच्याशी ताडून बघा. आता स्टिरॉइडचा डोस पूर्वीपेक्षा कमी असतो, त्यामुळे घसरणही कमी असते. पण तिची वेळ बदललेली नाही. पहिले सहा महिने ते वर्ष, म्हणजे घरात सगळे पेढे वाटून मोकळे झालेले असतात तोच काळ.

किडनीवाल्यांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे, कारण त्यांचं हाड रोपणाच्या कितीतरी आधीपासून पोखरत आलेलं असतं. ‘ड’ जीवनसत्त्वाला कामाला लावण्याची शेवटची पायरी किडनीतच होते. किडनी निकामी झाली की ते काम थांबतं, फॉस्फरस साठतो, आणि गळ्यात थायरॉइडच्या मागे असलेल्या चार इवल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जोर धरून हाडातलं कॅल्शियम ओढायला लागतात. डायलिसिसच्या वर्षांत त्यांना ती सवयच लागते. नवी किडनी बसली तरी त्या सगळ्यांच्याच ताळ्यावर येतात असं नाही. मग काही जणांच्या रक्तात कॅल्शियम कमी नसतं, उलट जास्त असतं. अशा माणसाला ‘हाडं ठिसूळ झालीत’ म्हणून मेडिकलमधून कॅल्शियमचा डबा आणून दिला, तर ते हाडात जायचं राहतं आणि त्रास नव्या किडनीला होतो. दादाच्या मणक्यांची बातमी पसरली तेव्हा आमच्याकडे पाच डबे आले. आत्याने आणलेला सगळ्यांत मोठा होता. पाचही डबे अजून फडताळात आहेत. यकृत किंवा हृदय बदललेल्यांच्या हाडांच्या तक्रारी थोड्या वेगळ्या वाटेने येतात, त्यांच्यासाठी आत वेगळं प्रकरण आहे.

हाडांवर माणसाचं खाणंपिणं लिहिलेलं असतं, हे शिरूर तालुक्याला खरं तर कोणी बाहेरून येऊन सांगायला नको. घोडनदीच्या काठावरच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ अशी उत्खननाची मोहीम चालवली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली पुरलेले सांगाडे निघाले, मडक्यांत ठेवलेली लहान मुलं निघाली. त्या हाडांवरून आणि दातांवरून अभ्यासकांनी त्या मुलांची वाढ कशी झाली आणि कुठल्या काळात ती खुंटली, याचे अंदाज बांधले. तीन हजार वर्षांनंतर हाड वाचता येतं. आमच्या दादाचं जिवंत हाड मात्र आठ महिने कोणी वाचलं नाही.

ते वाचायचं यंत्र अवघड नाही. डेक्सा नावाची तपासणी असते. पलंगावर दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं, सुई नाही, भूल नाही, किरणं अगदी थोडी. कण्याची आणि खुब्याची घनता मोजून कागदावर टी-स्कोअर नावाचा आकडा येतो. उणे एकपर्यंत ठीक, उणे अडीच किंवा त्याखाली म्हणजे हाड ठिसूळ. पन्नाशीच्या आतल्या माणसांसाठी झेड-स्कोअर नावाचा दुसरा आकडा बघतात. मूत्रपिंडाच्या रुग्णांत नुसत्या घनतेवर सगळं कळत नाही, म्हणून बरोबरीने कॅल्शियम, फॉस्फरस, ‘ड’ जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉइडचा पीटीएच हे रक्तात बघावे लागतात. मूत्रपिंडविकारातल्या हाडांसाठी केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं २०१७ मध्ये सुधारून निघाली आहेत आणि ठिसूळपणाचा धोका असलेल्या रुग्णाची घनता मोजायचा विचार त्यांत आहे. तेव्हा ‘माझी डेक्सा करायची का?’ हा आगाऊ प्रश्न नव्हे. शिरूरहून एसटीने किंवा दौंडहून गाडीने पुण्याला नाहीतरी लेव्हल तपासायला जावंच लागतं. त्याच फेरीत ती होऊन जाते.

आता घरातलं बोलतो, कारण माझा विषय तोच.

दुखलं की गोळी, ही आपली सगळ्यांत मोठी खोड. मेडिकलवाल्याला ‘कंबर दुखतीय’ म्हटलं की तो पट्टीतून दोन गोळ्या कापून देतो आणि त्या बहुधा डायक्लोफेनॅकच्या जातीच्या असतात. नव्या किडनीला त्या विष आहेत, त्यातही टॅक्रोलिमस चालू असताना. पुडीतली देशी औषधं, ‘संधिवातावर रामबाण’ म्हणून बाजारात मिळणारी चूर्णं यांत कधी कधी स्टिरॉइडच मिसळलेलं सापडतं. म्हणजे ज्याने हाड गेलं तेच पुन्हा, आणि मापाशिवाय. गुळवेलीचं तर घरोघरी कौतुक. करोनाच्या काळात ती घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे. शिवाय प्रतिकारशक्ती वाढवते म्हणून जी वेल ओळखली जाते ती, प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेल्या माणसाला कशाला द्यायची? गणपतीपुढच्या फळांतलं पपनसही दादाच्या ताटातून गेलं. त्याच्या कुळातलं ग्रेपफ्रूट टॅक्रोलिमसची लेव्हल चढवतं. याउलट, ‘स्टिरॉइडनं हाडं जातात’ हे ऐकल्याबरोबर एका हितचिंतकाने दादाला ती गोळी बंद करायला सांगितली. असं एकदम बंद करणं जिवावर बेततं, किडनी जाते ती वेगळीच. डोस कमी करायचा तर तो डॉक्टरांनीच, टप्प्याटप्प्याने.

खाण्याच्या बाबतीत आपला मुलूख नशीबवान आहे, पण आपण त्याचा उपयोग करत नाही. दारात गाई, रोज सकाळी कॅन भरून दूध डेअरीला, आणि घरात चहापुरतं. कपभर दुधातून अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं. फक्त निरसं दूध रोपणवाल्याने तोंडाला लावू नये, उकळलेलंच घ्यावं. धारोष्ण दुधाचं कौतुक बाकीच्यांनी करावं. आमच्याकडे भाकरी बाजरीची, पण शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पिठात चौथा हिस्सा नाचणी मिसळली तर भाकरीची चव फार बदलत नाही, दादा अजून ओळखू शकलेला नाही. तीळ आहेत, राजगिऱ्याची भाजी आहे. फॉस्फरस किंवा पोटॅशियमचं पथ्य असेल तर मात्र आधी विचारायचं.

‘ड’ जीवनसत्त्वाचं विचारू नका. दिवसभर उन्हात राबणाऱ्या माणसालाही ते कमी निघतं, यावर गावात कोणाचा विश्वास बसत नाही. मग कमी आहे कळल्यावर साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक अशी जी सुरू होते ती थांबतच नाही. कारण दुकानदार देतो आणि कोणी मोजत नाही. जास्त झालेलं ‘ड’ही कॅल्शियम चढवून किडनीला त्रास देतं. किती आठवडे घ्यायची ते चिठ्ठीवर लिहून घ्या. ऊनही बेताने, कारण वर्षानुवर्षं प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

आणि पडणं. याचा विचार शहरात बसून लिहिलेल्या पुस्तकांत बाथरूमच्या फरशीपाशी संपतो. आमच्याकडे लाईट रात्री येते. उसाला दारं धरायला, मोटर चालू करायला बारा-एकला अंधारात बांधावरून जायचं, एका हातात बॅटरी, पायाखाली चिखल. त्यात बिबट्याची भीती, म्हणजे माणूस घाईने चालणार. ओला गोठा, शेणाने निसरडा झालेला उतार, मोरीची शेवाळलेली कड. डॉक्टर सांगतात, रोज अर्धा तास चाला. बरोबरच आहे, हाडाला भार लागतो. पण शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात तिन्हीसांजेला कोणी फिरायला निघत नाही. म्हणून सकाळी ऊन वर आल्यावर, शाळेच्या मैदानात. रात्रीची पाळी पुतण्याकडे, कॅन गड्याकडे, आणि ज्याचा मणका चेपलेला आहे त्याने वाकून काही उचलायचं नाही. हे आमच्या घरात आता लिहून ठेवलेलं आहे. दादा चिडतो. पन्नाशीतल्या शेतकऱ्याला ‘उचलू नको’ म्हणणं म्हणजे काय, हे मी इथे लिहायच्या भरीला पडत नाही.

दोन दुखणी वेगळी ओळखायला शिका. जांघेत खोल दुखतंय आणि लंगडायला होतंय, तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो. सुरुवातीला एक्स-रे साफ येतो, एमआरआयमध्ये दिसतं. ‘एक्स-रे नॉर्मल आहे, जा घरी’ यावर थांबू नका. दुसरं म्हणजे पाठीत अचानक, एका जागी, उचलताना किंवा शिंकताना आलेली कळ. त्याला उसण म्हणायच्या आधी एक्स-रे काढा.

हाडाच्या औषधांवर आत पूर्ण प्रकरण आहे. मी त्यातल्या दोन गोष्टी सांगतो, कारण त्या दवाखान्यात बिघडत नाहीत, घरात बिघडतात. एक, आठवड्याची गोळी. ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसायचं किंवा उभं राहायचं, आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. आपल्याकडे डोळे उघडण्याआधी चहा लागतो. चहाबरोबर घेतलेली ती गोळी वाया जाते आणि आडवं झाल्यास अन्ननलिका पोळते. किडनीचं काम फार कमी असेल तर ती देतच नाहीत. दोन, सहा महिन्यांचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन. त्याची तारीख चुकली की दाबून ठेवलेली झीज उसळी मारते आणि एकामागून एक मणके चेपू शकतात. गेल्या वर्षी दादाची तारीख नेमकी तुकोबांची पालखी वरवंडला मुक्कामाला होती त्या दिवसांत आली. रस्ता बंद, घरात वारकऱ्यांच्या पंगती, ‘आठवडाभराने जाऊ’ असं चाललेलं. वहिनी एकटी उठली, आडवाटेने त्याला पुण्याला घेऊन गेली आणि रात्री पंगतीला परत आली. ही औषधं सुरू करण्याआधी दात दाखवून घ्या. काढायचा दात आधीच काढलेला बरा.

वहिनीचंही लिहायला हवं, कारण तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. देणाऱ्याचं कौतुक महिनाभर होतं, मग ती पुन्हा चुलीशी आणि गोठ्यात. तिची एक किडनी उरली आहे आणि वय पाळी जाण्याचं आहे. तिचीही डेक्सा आम्ही दादाच्या दुसऱ्या फेरीला करून घेतली. ती आधी नको म्हणाली, मग निकाल हातात आल्यावर तिने तो दादाच्या फाईलमध्ये न ठेवता देव्हाऱ्याखालच्या पेटीत, सातबाऱ्याच्या कागदांबरोबर ठेवला.

या पुस्तिकेच्या शेवटी एक पान कोरं सोडलं आहे. त्यात तारीख, उंची, डेक्साचा आकडा, ‘ड’, पीटीएच आणि औषधाची पुढची तारीख असे रकाने आहेत. उंचीचा रकाना बघून हसू नका. मणका चेपला की उंची घटते, आणि कित्येकदा कळ न येताच मणका चेपतो. दादाची पाऊण इंच गेली. चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा करतो तिथेच आता त्याची खूण आहे. पान कापून फाईलमध्ये लावा, लेव्हलच्या कागदाच्या वर, आणि पुढच्या फेरीला डॉक्टरांसमोर ते आधी उघडा. आमच्या पानावर डेक्साची पहिली तारीख रोपणानंतरच्या दहाव्या महिन्याची आहे, दोन मणके गेल्यानंतरची. तुमच्या पानावर ती त्याआधीची असू द्या.